आठाचे बारा

इसवी सन १३५. हाथीर महिना लागला आहे, म्हणजे आपल्याकडचा नोव्हेंबर धरा. एव्हाना नाईलचा पूर ओसरून तुमचे पाय घोट्यापर्यंत काळ्या गाळात रुतायला हवे होते. काखेतल्या टोपलीतून मूठ मूठ बी फेकताना तोल सावरावा लागायला हवा होता. त्याऐवजी तुम्ही शेताच्या कडेला उकिडवे बसला आहात. हातात मातीचे ढेकूळ आहे. ते दाबूनही फुटत नाही.

गावाचे नाव तेबत्युनिस. इजिप्तमधल्या फायूमच्या खोलगट प्रदेशाची ही दक्षिणेकडची कड. गावामागे वाळवंट सुरू होते. नाईलचा एक फाटा फायूममध्ये शिरतो, त्याचे कालवे निघतात, कालव्यांच्या चाऱ्या, चाऱ्यांचे पाट. तुमचे शेत शेपटाला आहे. पूर भरपूर आला की पाणी शेपटापर्यंत पोचते. कमी आला की वरचे भिजवून घेतात आणि तुमच्या वाट्याला नुसता ओलावा येतो. याच कालव्याचा गाळ उपसायला तुम्ही यंदा पाच दिवस वेठीला गेला होता. बंधाऱ्या-कालव्यांचे हे पाच दिवसांचे काम दर वर्षी ठरलेले आहे. केल्याची पावती मिळते, ती घरी कोनाड्यात जपून ठेवली आहे. पाणी मात्र आले नाही.

पुराचे हे सलग दुसरे वाईट वर्ष. पूर बारा हात चढला तर उपासमार आणि सोळा हात चढला तर सुबत्ता, असा हिशेब रोमन लेखक प्लिनीने तुमच्या आजोबांच्या काळात लिहून ठेवला. तुम्हाला प्लिनी ठाऊक असण्याचे कारण नाही, पण हिशेब ठाऊक आहे. तो इथल्या प्रत्येक पोराला ठाऊक असतो.

बांधावरून कारभारी येताना दिसतो. जमिनीचा मालक गावात राहत नाही, तो जिल्ह्याच्या मुख्य शहरात असतो. जमीन, बैल, कोठी, कुळे, सगळे हा कारभारी बघतो. तुम्ही उठून उभे राहता.

"किती भिजली?"

"तीन. फार तर तीन."

"कागदात पाच आहेत."

"पाणी न लागलेल्या जमिनीची सूटही कागदातच आहे, कारभारी."

तो काही बोलत नाही, कारण ते खरे आहे. तुम्ही पाच अरूरा जमीन खंडाने केली आहे. एक अरूरा म्हणजे साधारण सत्तावीस गुंठे, तेव्हा पाच म्हणजे सव्वातीन एकरांच्या थोडे वर. खंड अरूऱ्यामागे पाच अर्ताबा गहू. अर्ताबा हे माप सुमारे एकोणचाळीस लिटरचे, गव्हाचे साधारण तीस किलो. शिवाय पेरणीला अरूऱ्यामागे एक अर्ताबा बियाणे मालकाकडून मिळते आणि सुगीला ते खंडासोबत परत जाते. जमीन सोडताना ती लव्हाळे, बोरू, तण आणि घाण काढून स्वच्छ द्यायची, हेही कागदात आहे. आणि भाग न भिजला तर त्याचा खंड माफ, हेही आहे. फायूमचे खंडपत्र लिहिणारे लोक नाईलला ओळखून होते. पाणी आले नाही तर जमीन पिकणार नाही आणि न पिकलेल्या जमिनीचा खंड मागता येणार नाही, एवढे त्यांनी मान्य केले होते. मला हे कलम फार मोलाचे वाटते. पण ते फक्त खंडाला लागू आहे, हे लक्षात ठेवा.

कारभारी वळतो. जाता जाता म्हणतो, "तीन अरूऱ्यांचे बी घेऊन जा."

बियाण्याची सोय झाली. खायचे काय?

घरी या. दार बुटके आहे, वाकून आत जावे लागते. भिंती मातीच्या विटांच्या, एका कोपऱ्यात धान्याचे रांजण. बायको काही बोलत नाही, फक्त एका रांजणावर बोटाने टकटक करून दाखवते. पोकळ आवाज येतो. दुसऱ्यात मसूर आहे, तळाशी थोडे जव. पाच तोंडे आहेत: तुम्ही दोघे, तुमची आई, चौदाचा मुलगा, धाकटी मुलगी. मुलगा यंदाच चौदाचा झाला, आणि ही गोष्ट घरात कुणी आनंदाने बोलत नाही. चौदाव्या वर्षापासून साठीपर्यंत प्रत्येक इजिप्शियन पुरुषाला डोकेपट्टी आहे. फायूममध्ये तिचा दर वर्षाला चाळीस द्राख्मा, वरच्या किरकोळ आकारण्या वेगळ्या. बऱ्या वर्षी गव्हाचा भाव अर्ताबाला आठ द्राख्मांच्या आसपास असतो. म्हणजे एका डोक्याचे पाच अर्ताबा. यंदापासून डोकी दोन.

सुगी पाउनी महिन्यात, मेच्या अखेरीस सुरू होते. तोवर सात महिने आहेत. तुम्ही बोटांवर मोजता. आठ अर्ताबा मिळाले तर दिवसाला किलोच्या थोडा वर गहू पडेल, पाच जणांत. सोबत मसूर, मुळे, कांदे, कुठे मजुरी मिळाली तर तिचे जव. निभेल.

दुसऱ्या दिवशी तुम्ही पुन्हा कारभाऱ्याकडे जाता. ज्याची जमीन, त्याचेच कोठार, आणि उसने धान्यही तिथूनच. दुसरीकडे जाता आले असते. गावात उसने देणारे आणखी आहेत, देवळाचे पुजारी आहेत, दोनतीन जमीनदार बायकाही धान्य देतात. पण पुढच्या वर्षी जमीन पुन्हा याच माणसाकडून घ्यायची आहे.

"आठ हवेत," तुम्ही म्हणता.

"पाउनीत बारा."

यावर घासाघीस होत नाही. आठाचे बारा, दहाचे पंधरा, दोनाचे तीन. ग्रीकमध्ये या व्याजाला हेमिओलिया म्हणतात, म्हणजे मुद्दल आणि त्याचे निम्मे. आपल्याकडे ज्याला दिढी म्हणतात तेच हे, शब्दाचा अर्थसुद्धा तोच. उचल हाथीरमध्ये घ्या की मेखीरमध्ये, म्हणजे फेब्रुवारीत. सात महिन्यांनी फेडा की चार महिन्यांनी. वरचे निम्मे तेवढेच. रोख पैशाचे तसे नाही. रोखीवर शंभर द्राख्मांमागे महिन्याला एकच द्राख्मा, वर्षाचे बारा टक्के, ही कमाल मर्यादा आहे, आणि ती ओलांडणाऱ्या सावकाराची निम्मी मालमत्ता जप्त होईल असा नियम सरकारी नियमावलीत लिहिलेला आहे. धान्य त्या नियमात बसत नाही.

सावकाराची बाजू आधी नीट ऐकून घेऊ, कारण ती खोटी नाही. हाथीरमध्ये गहू महाग असतो आणि खळ्यावर स्वस्त. आज दिलेले आठ अर्ताबा बाजारात नेले तर जी रक्कम येईल, तेवढीच सुगीत येण्यासाठी आठांहून जास्त अर्ताबा विकावे लागतील. देणाऱ्याला धोकाही आहे. कूळ मरू शकते, पळू शकते, पीक बुडू शकते. तेव्हा वरचे चारही निव्वळ नफा नव्हेत. पण हीच गोष्ट उलट बाजूने मांडून पाहा. तुम्ही गहू घेता तो वर्षातल्या सर्वांत महाग दिवसांत, कारण त्याच दिवसांत तुमचा रांजण रिकामा असतो. आणि फेडता तो सर्वांत स्वस्त दिवसांत, कारण त्याच दिवसांत तुमच्याकडे असतो. थांबून, भाव चढल्यावर विकायची सवड ज्याच्याकडे कोठार आहे त्याला. तुमच्याकडे खळे आहे आणि खळ्यावर वसुलीदार उभा आहे.

कागद करायला तुम्ही गावच्या लेखनकचेरीत जाता. तिला ग्राफेइऑन म्हणतात. खंडपत्रे, कर्जखते, लग्नाचे करार, घरविक्री, सगळे इथे लिहिले जाते आणि नोंदले जाते. नव्वदएक वर्षांपूर्वी, सम्राट क्लॉडिअसच्या काळात, याच कचेरीच्या नोंदवह्यांत वर्षाकाठी शेकडो करार चढत होते. एवढ्याशा गावात! लिहिता न येणाऱ्यांचे गाव इतके कागद करत होते.

लेखनिक मान वर न करता विचारतो, "वय?" तुम्ही सांगता, अडतीसच्या आसपास. तो तुमच्याकडे पहिल्यांदा नीट बघतो, नजर कपाळावरून खाली पायापर्यंत नेतो. डाव्या गुडघ्यावर विळ्याचा जुना व्रण आहे. तो लिहितो: वय सुमारे ३८, डाव्या गुडघ्यावर व्रण. सही करता न येणाऱ्या माणसाची ओळख त्याच्या जखमेवरून पटवायची, ही इथली रीत. हजारो माणसे या कागदांवरून आज आपल्याला माहीत आहेत ती अशी: हा भुवईवर व्रण असलेला, ही उजव्या हातावर व्रण असलेली. चेहरे नाहीत, नुसते व्रण.

मग तो तुमच्या नावापुढे आणखी तीन शब्द लिहितो, ज्यांचा अर्थ होतो 'पर्शियन वंशाचा'. तुमचा पर्शियाशी काही संबंध नाही. तुमचे बापजादे इथलेच, मगर-देव सोकनेबत्युनिसचे भक्त. पण कर्जखतात ऋणकोला असे लिहिण्याचा प्रघात आहे. त्याचा कायदेशीर परिणाम असा मानला जातो की देवळात शरण जाऊन वसुली टाळण्याचा आसरा तुम्हाला उरत नाही. तीन शब्दांत तुम्ही परके होता आणि देवळाचे दार बंद होते.

पुढची कलमे तो मोठ्याने वाचतो. बारा अर्ताबा गहू. पाउनी महिन्यात, कुठलीही सबब न सांगता. गहू नवा, शुद्ध, भेसळ नसलेला, ढेकळे नसलेला, जव न मिसळलेला, चाळलेला. देवळासमोरच्या फरसबंद वाटेच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मापाने मोजलेला. माप कोणते हे लिहिणे गरजेचे, कारण गावात मापे अनेक आहेत आणि सगळ्यांचा अर्ताबा सारखा नाही. न फेडल्यास धनकोला तुमच्यावर आणि तुमच्या सगळ्या मालमत्तेवर वसुलीचा हक्क, जणू न्यायालयाचा निकाल आधीच लागला आहे अशा रीतीने.

पाणी न लागल्यास काय, हे कलम या कागदात नाही. तुम्ही शेवटपर्यंत ऐकता. नाही.

सहीच्या जागी गावातला एक ओळखीचा माणूस तुमच्यासाठी लिहितो आणि खाली जोडतो, 'याला अक्षरे येत नसल्यामुळे मी लिहिले'. हे वाक्य हजारो पपायरसांवर आहे. मी ते पहिल्यांदा वाचले तेव्हा मला त्यात कोरडा कायदा दिसला. आता दिसते ते वेगळे. एका शेतकऱ्याने सात महिन्यांचे आयुष्य एका कागदावर बांधून दिले, आणि त्या कागदात नेमके काय आहे हे त्याने दुसऱ्याच्या तोंडून ऐकले.

कोठारात गहू मोजला जातो. मापारी माप भरतो, वरून फळी फिरवून सपाट करतो. एक, दोन, तीन. तुम्ही चिमूटभर उचलून तळहातावर पसरता. दोनतीन दाणे जवाचे आहेत. तुम्ही हात झटकता आणि गप्प राहता. एका गाढवावर तीन अर्ताबा बसतात, आठांना तीन खेपा. तिसऱ्या खेपेला अंधार पडलेला असतो.

तुमचा शेजारी सरकारी जमीन करतो. त्याला बियाणे सरकारी कोठारातून मिळते, अरूऱ्याला एक अर्ताबा, आणि ते जमिनीतच प्रामाणिकपणे पेरले जाईल अशी हमी द्यावी लागते. अशा बियाण्याच्या पावत्यांची एक मोठी चळत कारानिस या फायूमच्याच दुसऱ्या टोकाच्या गावातून मिळाली आहे, १५८-१५९ या वर्षाची. सरकारला गहू हवा होता, म्हणून बियाण्याची काळजी सरकारने घेतली. रोमला जाणाऱ्या जहाजांत जो गहू भरायचा, तो आधी इथल्या चिखलात पडायला हवा होता. पेरल्यापासून कापणीपर्यंत पेरणारा काय खातो, याची तजवीज त्या व्यवस्थेत नव्हती. ती त्याने आठाचे बारा करून स्वतः करायची होती.

पेरणी तीन दिवसांत होते. हिवाळा जातो. तीन अरूऱ्यांत गहू बरा उगवतो, उरलेल्या दोन अरूऱ्यांत पाखरेसुद्धा उतरत नाहीत. मुलगा मजुरीला जातो. आई रोज जात्याशी बसते आणि रोज थोडे कमी दळते. एवढे पुरे, कारण या महिन्यांत मोजण्याखेरीज दुसरे काही घडत नाही.

आता १३६ चा मे संपत आला आहे. पाउनी.

खळ्यावर या. गोल, ठोकून घट्ट केलेली जमीन, तिच्यावर पसरलेल्या पेंढ्या, आणि त्यांवरून गोल फिरणारे बैल. उफणणीचा भुसा डोळ्यांत जातो, घामाला चिकटतो. रास हळूहळू पिवळी होत जाते. वर्षभरात तुमच्या डोळ्यांसमोर एवढे धान्य एकदाच येते. मुलगी राशीत हात खुपसते आणि बायको तिला ओरडत नाही.

पीक चांगले आले आहे. अरूऱ्याला दहा अर्ताबा, म्हणजे फायूमचा बरा उतारा. तीन अरूऱ्यांचे तीस. आता मोजणी.

खंड, तीन अरूऱ्यांचा: पंधरा. रास निम्मी झाली.

बियाणे: तीन. उरले बारा.

उसने: बारा.

मापारी फळी फिरवतो. शेवटचे माप भरायला तो खळ्यातले दाणे झाडूने गोळा करतो, चाळतो, ढेकळे काढून टाकतो. माप काठोकाठ भरते. खळे मोकळे होते. सात महिने राबून, पाणी आले तेवढ्यात उत्तम पीक काढून, एकही देणे न बुडवता, तुमच्या हाती उरला तो शून्य. आणि दोन डोक्यांचे ऐंशी द्राख्मा अजून जायचे आहेत.

यात कुणी तुम्हाला फसवलेले नाही. माप खोटे नव्हते. खंडाची सूट कागदाप्रमाणे मिळाली. कारभाऱ्याने कागदाबाहेर एक दाणाही मागितला नाही. म्हणून मला हा हिशेब पुन्हा पुन्हा मांडावासा वाटतो. लबाड सावकाराच्या गोष्टी आपण खूप ऐकल्या आहेत, आणि त्या ऐकून वाटते की सावकार भला असता तर कूळ तरले असते. इथे तरत नाही. पाचही अरूरा भिजल्या असत्या तर काय झाले असते तेही मोजा. पन्नासातून खंड पंचवीस, बी पाच, उसने बारा, उरले आठ. दोन डोकेपट्ट्यांना दहा लागतात. म्हणजे चांगल्या वर्षीही दोन कमी, आणि खायला काही नाही. मजुरी, विणकाम, दोन शेळ्या, चाऱ्याचे पीक, यांवर हे घर चालते. गव्हावर ते चालत नाही, जरी सगळे घर गव्हासाठी राबत असले तरी.

आणि याच दिवसांत हुकूम येतो. सम्राट हेड्रियनचा. तो पाचसहा वर्षांपूर्वी स्वतः इजिप्तमध्ये येऊन गेला आहे, नाईलवरून प्रवास केलेला आहे. पाउनीच्या सहा तारखेचा, आपल्या मोजणीने ३१ मे १३६ चा हा हुकूम पपायरसांवर उतरून आपल्यापर्यंत पोचला आहे. लोक गोळा होतात, ज्याला वाचता येते तो वाचतो. गेल्या वर्षीप्रमाणे यंदाही नाईल पुरेसा चढला नाही हे सम्राटाला समजले आहे. त्याआधी अनेक वर्षे पूर भरघोस आले होते याचीही तो आठवण देतो. तरी, शेतकऱ्यांसाठी, यंदाचा रोख कर हप्त्यांनी भरायची मुभा तो देतो: वरच्या थीबईद प्रांताला पाच वर्षे, मधल्या पट्ट्याला चार, खालच्या मुखप्रदेशाला तीन. फायूमचे कामकाज मधल्या पट्ट्यासोबत चालते. तुम्हाला चार.

गर्दीत कुणीतरी सुस्कारा सोडतो. ही लहान गोष्ट नाही. रोममध्ये बसलेल्या माणसाने तेबत्युनिसच्या कालव्याच्या शेपटाला पाणी पोचले नाही हे मान्य केले. यापूर्वीही, ६८ साली, प्रांताधिपती टायबेरिअस ज्यूलिअस अलेक्झांडरने लांबलचक हुकूम काढून सांगितले होते की कुणालाही जबरदस्तीने खंडाने जमीन घ्यायला लावू नये, आणि खाजगी कर्जासाठी माणसाला कैदेत टाकू नये. राज्यकर्त्यांना हे कळत होते. दर दोन पिढ्यांनी असा एक हुकूम निघतो, देवळाच्या भिंतीवर कोरला जातो किंवा चौकात वाचला जातो.

तुम्ही वाचणाऱ्याच्या जवळ सरकून विचारता, "उसन्या धान्याचे काय लिहिले आहे?"

तो पुन्हा वरपासून खालपर्यंत नजर फिरवतो. "काही नाही."

तुमचे बारा तर तोवर मोजून गेलेलेही असतात.

त्या रात्री तुम्ही पळून जाण्याचा विचार करता. तुम्ही एकटे नाही. फायूमच्या गावांत सम्राट नीरोच्या काळापासून कर-वसुलीदारांच्या याद्यांत 'साधन नसलेले, पळालेले' अशा नोंदी आहेत. दलदलीत, वाळवंटाच्या कडेला, अलेक्झांड्रियाच्या गर्दीत माणूस हरवू शकतो. अलेक्झांड्रियाचा तत्त्वज्ञ फायलो याने लिहून ठेवले आहे की एका वसुलीदाराने पळालेल्यांच्या बायकामुलांना, आईवडिलांना पकडून त्यांचे हाल केले. आणि आता तर पळालेल्यांचा कर मागे राहिलेल्या गावकऱ्यांवर वाटून टाकण्याची नवी पट्टी आहे. तुम्ही गेलात तर तुमचे चाळीस द्राख्मा शेजारी भरणार. तुम्ही आईच्या श्वासाचा आवाज ऐकत पडून राहता. सकाळी विळा घेऊन दुसऱ्याच्या शेतावर कापणीच्या मजुरीला जाता.

काही दिवसांनी कारभारी तुमचे कर्जखत परत देतो. त्यावर शाईच्या तिरक्या रेघा आहेत, एकमेकींना छेदणाऱ्या फुल्याच फुल्या, वरपासून खालपर्यंत. कर्ज फिटले, कागद रद्द. तुम्हाला अक्षरे येत नाहीत, पण या रेघा वाचता येतात. तुमच्या मालकीचा हा एकच मजकूर असा आहे जो तुम्हाला स्वतःला वाचता येतो. तुम्ही तो बंधाऱ्याच्या पावतीसोबत कोनाड्यात ठेवता. पुढे कुणी म्हणाले की बारा अजून येणे आहेत, तर दाखवायला.

मग पुन्हा हाथीर येतो. रांजण पुन्हा वाजतो. तुम्ही पुन्हा लेखनकचेरीत उभे असता आणि लेखनिक तुमच्या गुडघ्याकडे बघतो.

इथे तुमची वाट सोडू. तुमचे नाव कुठे नोंदलेले नाही, कारण तुम्हाला मी अशा अनेक कागदांतून जुळवले आहे. पण तुमच्या एका गावकऱ्याचे नाव उरले आहे. केओसचा मुलगा क्रोनिओन. तोही याच गावात, याच वर्षांत जमिनी खंडाने करत होता, धान्य आणि पैसे उसने घेत होता. तेबत्युनिस कधीतरी ओस पडले, वाळूने घरे भरली. १९३४ मध्ये इटालियन उत्खननात एका तळघरात पपायरसांचा मोठा साठा सापडला. त्यात क्रोनिओनच्या कुटुंबाचे सुमारे सत्तर कागद होते, १०७ पासून १५३ पर्यंतचे: खंडपत्रे, कर्जखते, पावत्या. हेड्रियनच्या हुकमानंतर दोन वर्षांनी, १३८ साली, त्याने मृत्युपत्र केले. त्यात थोरल्या मुलाने आपल्याला दुखावले म्हणून त्याला चाळीस द्राख्मा तेवढे ठेवले, म्हणजे एका डोक्याची एका वर्षाची पट्टी. शेहेचाळीस वर्षांच्या त्या कागदांत एका घराची भांडणे आहेत, काडीमोड आहे, आणि उसने घेणे आहे. उसने घेणे थांबलेले दिसत नाही.

हेड्रियननंतर जवळपास दोनशे वर्षांनी एका सम्राटाने अखेर उसन्या धान्याला हात घातला. इसवी सन ३२५ मध्ये कॉन्स्टंटाइनने कायदा केला. गरजूंना शेतमाल उसना देणाऱ्याने दोन मापांवर एकच माप जादा घ्यावे, त्याहून अधिक नाही. जादा मिळावे म्हणून परतफेड घ्यायला नकार देणाऱ्या सावकाराचे व्याजही बुडेल आणि मुद्दलही. त्याच कायद्यात रोख पैशावरची मर्यादा होती तीच राहिली, वर्षाला बारा टक्के. आणि धान्याची ठरली दोनाचे तीन, म्हणजे आठाचे बारा.